लेकीचं पहिलं पिस्तूल

इस्लामपूरहून एका आईचं पत्र आलंय. लांबलचक आहे, आटोपतं घेऊन देते.

"ताई, माझी मुलगी नववीत आहे. गेल्या दिवाळीपासून दर शनिवार-रविवार एस.टी.नं कोल्हापूरला नेमबाजी शिकायला जाते. प्रकार दहा मीटर एअर पिस्तूल. क्लबचं एकच पिस्तूल चार मुलांत फिरतं. सर म्हणतात, आता स्वतःचं घ्या. नव्याला दीड-दोन लाख मोजावे लागतील असं ऐकलं आणि पोटात गोळा आला. क्लबातलाच एक मोठा मुलगा त्याचं सात वर्षं वापरलेलं पिस्तूल सत्तर हजारांना द्यायला तयार आहे. माझे दीर म्हणतात, एवढे पैसे घालायचेच तर परवाना काढून बत्तीस बोअरचं घ्या, पोरगी खेळेल आणि घरालाही राखण होईल. सासरे म्हणतात, बंदूक या घरात येणार नाही, विषय संपला. घ्यावं का, कुठलं घ्यावं, आणि आणलंच तर सांभाळायचं कसं?"

दिरांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं लवकर उरकेल. बत्तीस बोअरचं, म्हणजे काडतुसाचं पिस्तूल घेऊन तुमची मुलगी तिच्या स्पर्धेत उभीच राहू शकत नाही. तिथे छर्रा ४.५ मिलिमीटरचाच लागतो आणि तो हवेच्या दाबानंच सुटावा लागतो. शिवाय बत्तीसचा परवाना एकवीस वर्षांखालच्या माणसाला मिळत नाही. तो दिरांच्या किंवा तुमच्या यजमानांच्या नावावर निघेल आणि पिस्तूलही त्यांच्याच ताब्यात राहील. 'तिचं' ते होणारच नाही. राखणीसाठी हत्यार घ्यावं की नाही हा वेगळा वाद आहे, तो दिरांनी स्वतःच्या जिवावर घालावा. पोरीच्या खेळाच्या पैशात तो घुसडू नका.

आता ही वस्तू नेमकी काय आहे ते सांगते, म्हणजे सासऱ्यांशी बोलायला बरं पडेल. एअर पिस्तुलात दारू नसते, काडतूस नसतं. नळीखाली एक लहानसा सिलिंडर असतो, त्यात दाबून भरलेली हवा. चाप ओढला की त्यातली चिमूटभर हवा सुटते आणि अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगानं जातो. यातून जी ताकद निघते ती पाच-सहा ज्यूल. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरपर्यंतचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल बाळगायला शस्त्रपरवाना लागत नाही, तेव्हा तुमची मुलगी त्या मर्यादेच्या बरीच आत आहे. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल. न कुरकुरता द्या. पक्कं बिल घ्या आणि त्यावर पिस्तुलाचा क्रमांक छापून घ्या.

पण परवाना लागत नाही म्हणजे खेळणं आहे असं नव्हे. तो अर्धा ग्रॅम डोळ्यात गेला तर डोळा जातो. दहा मीटरवरून जातो, त्याहून लांबूनही जातो. म्हणून सासऱ्यांना हसण्यावारी नेऊ नका. त्यांचं निम्मं म्हणणं बरोबर आहे. त्यांच्याकडे मी शेवटी येतेच.

दुकानात एक घोळ हमखास होतो, तोही आत्ताच सांगून टाकते. 'पॉइंट टू-टू' हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. एक म्हणजे ५.५ मिलिमीटरची एअरगन. दुसरी म्हणजे पॉइंट टू-टूचं खरं काडतुसाचं पिस्तूल, त्याला परवाना लागतो. आपल्याला दोन्ही नकोत. तुम्ही 'पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन (म्हणजे आपलं ४.५ मिलिमीटर), मॅच पिस्तूल (म्हणजे स्पर्धेचं)' एवढंच म्हणायचं. त्यावर दुकानदारानं सिनेमातल्यासारखं दिसणारं, गॅसच्या डबीवर चालणारं दहा-वीस हजारांचं पिस्तूल काढून 'सुरुवातीला हेच न्या' असं सांगितलं तर नमस्कार करून बाहेर पडा. पत्र्याचे डबे पाडायला ते ठीक आहे. पण दहा मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. त्या पिस्तुलावर चूक पोरीची की पिस्तुलाची हेच कळत नाही, आणि शिकणाऱ्याला तेच कळणं सगळ्यात गरजेचं असतं.

आता मूळ प्रश्न, घ्यावं का. सर 'आता' का म्हणाले ते त्यांना विचारा. तिचे गुण अडलेत म्हणून म्हणाले, की चार मुलांत एक पिस्तूल पुरेना म्हणून? दुसरं कारण असेल तर त्यात काही वाईट नाही, पण त्यासाठी तुमच्यावर दीड लाखाचं कर्ज करायची वेळ आणू नये.

माझा अंदाज सांगते. चौघांत फिरणाऱ्या पिस्तुलाची मूठ चौघांपैकी कुणाच्याच हाताची नसते. पिस्तूल नेमबाजीत नळीपेक्षा मूठ महत्त्वाची, असं मी म्हणते तेव्हा पालकांना वाटतं ताई काहीतरीच बोलतात. करून बघा. मुलीला पिस्तूल धरलेला हात डोळे मिटून सरळ उचलायला सांगा, आणि मग डोळे उघडून पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, मागच्या खाचेत बरोबर मध्ये बसलीय का ते बघायला सांगा. दर वेळी माशी डावीकडे झुकलेली दिसली तर मूठ तिची नाही. मनगट मुरडून ती दुरुस्त करत असणार. स्पर्धेच्या साठ शॉटांत साठ वेळा मुरडायचं, आणि चाळिसाव्या शॉटानंतर मनगट ऐकेनासं होतं. मग आपण म्हणतो, पोरीची एकाग्रता कमी पडते!

तेव्हा सहा महिन्यांसाठी एक मधला रस्ता आहे. क्लबच्या पिस्तुलाचं मॉडेल बघा आणि त्याला बसणारी लहान मापाची लाकडी मूठ सरांच्या परवानगीनं तिच्यासाठी वेगळी मागवा. डावा हात की उजवा, ते आधी सांगा. (हसू नका, उजव्या हाताच्या पोराला डावी मूठ आलेली मी पाहिलीय आणि ती परत करताना झालेली भांडणंही.) मूठ एका स्क्रूनं निघते आणि बसते, दोन मिनिटांचं काम. जिथे टोचते तिथे कानशीनं घासायची, जिथे पोकळ लागते तिथे लाकडाची पुट्टी भरायची. थोडं घासून चार दिवस खेळायचं, मग पुन्हा थोडं घासायचं. पुढे पिस्तूल त्याच मॉडेलचं घेतलं तर हीच मूठ त्याला चालते, पैसे वाया जात नाहीत. मूठ बदलल्यावर दोन महिन्यांत गुण हलले तर पिस्तूल घ्यायची वेळ खरंच आलीय असं समजा.

याच काळात वजनाचाही अंदाज येईल. ही पिस्तुलं साधारण एक किलोची असतात, म्हणजे भरलेली लिटरची बाटली. ती एका हातात, कोपर न वाकवता, खांद्याच्या रेषेत धरायची. खेळ एका हातानंच खेळायचा, दुसरा हात खिशात नाहीतर कमरपट्ट्यात. चौदा वर्षांच्या मुलीचा खांदा अजून भरायचाय, म्हणून बहुतेक कंपन्या आखूड नळीची हलकी आवृत्ती काढतात. वॉल्थर, श्टायर, मोरिनी, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ ही नावं तुमच्या कानावर येतील. यातल्या कुठल्याही कंपनीच्या मॅच पिस्तुलात तिच्या आजच्या गुणांहून कितीतरी जास्त गुण दडलेले आहेत. कुठलं घ्यायचं हे एकाच गोष्टीवर ठरवा: कोल्हापूर-पुण्याच्या टापूत त्याचे सुटे भाग आणि दुरुस्ती कुणाकडे मिळते.

चापाचं मात्र माझं मत पक्कं आहे. काही पिस्तुलांत चाप विजेवर चालतो, आत बॅटरी आणि सर्किट असतं. चालतो तेव्हा लोण्यासारखा. २०२१मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरच्या पिस्तुलाचा असाच चाप ऐन पात्रता फेरीत बिघडला. साठ शॉटांना पंचाहत्तर मिनिटं मिळतात. त्यातली बरीच मिनिटं दुरुस्तीत गेली आणि तिची अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसमध्ये तिनं दोन कांस्यपदकं घेतली, तेव्हा विजेचा चाप वाईट असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्यामागे प्रशिक्षक असतो, राखीव पिस्तूल असतं. तुमच्या मुलीमागे तुम्ही आणि संध्याकाळची एस.टी. पहिलं पिस्तूल साध्या यांत्रिक चापाचंच घ्या.

आता ते सत्तर हजारांचं. सेकंड हँड घेण्यात कमीपणा काही नाही, माझी पहिली दोन्ही जुनीच होती. मॅच पिस्तुलाची नळी लाखो छर्रे सहज झेलते, सात वर्षांत ती म्हातारी होत नाही. म्हातारा होतो तो सिलिंडर. त्याच्यावर बनवल्याची तारीख कोरलेली असते आणि त्याची मुदत सहसा दहा वर्षांची. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि ती बघायची जबाबदारी खेळाडूची. पिस्तूल सात वर्षं वापरलंय, म्हणजे सिलिंडरची फार तर तीन वर्षं उरलीत. दुकानात पडून राहिला असेल तर त्याहून कमी. त्या मुलाला विचारा, सिलिंडर एक आहे की दोन, आणि तारखा काय. नव्या सिलिंडरची किंमत काढा आणि तेवढी सत्तर हजारांतून वजा करून मगच बोला.

मग एक रात्र ते पिस्तूल मागून घ्या. क्लबातच, सरांच्या कपाटात ठेवा. संध्याकाळी हवा भरून दाबाचा काटा कुठे आहे त्याचा फोटो काढा, सकाळी पुन्हा बघा. काटा खाली आला असेल तर कुठलीतरी रिंग गेलीय. ओ-रिंग म्हणजे कुकरच्या रिंगची धाकटी बहीण, किंमत किरकोळ, पण ती बदलणारा माणूस मिळायला हवा. चापाचीही परीक्षा घ्या. स्पर्धेत नळी वर करून चापाला पाचशे ग्रॅमचं वजन लटकवतात आणि ते उचललं गेलं पाहिजे. न उचलता चाप सुटला तर पिस्तूल बाद. जुन्या पिस्तुलांचे चाप मुलं हौसेनं हलके करून ठेवतात. आणि शेवटी सरांना पिस्तूल टेबलावर टेकवून दहा छर्रे मारायला सांगा. कागदावर दहाही भोकं एकमेकांत मिसळून एकच बोगदा झाला पाहिजे. भोकं विखुरली तर आधी छर्रे बदलून बघा. छर्र्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा येतो आणि प्रत्येक नळीला आपापला आवडता असतो.

छर्र्यांचा विषय निघालाच आहे तर हिशेब करून टाका. डबीत पाचशे. रोज साठ मारले तर डबी आठ दिवसांत संपते. पिस्तूल एकदा घ्यायचं असतं, छर्रे जन्मभर. सगळे पैसे पिस्तुलात घालून छर्र्यांना कात्री लावणारी घरं मी पाहिलीत. पोरगी मग नव्या पिस्तुलानं आठवड्याला चाळीस शॉट मारते.

आता सांभाळणं. इथे मी माझाच एक पराक्रम सांगते. माझं पहिलं पिस्तूल घरी आलं तेव्हा मी त्याला आईच्या शिवणयंत्राचं तेल घातलं. मायेनं, जिथे भोक दिसेल तिथे. तीन आठवड्यांनी पुण्यात स्पर्धा होती. आदल्या रात्री पिस्तूल सुंयऽऽ करत हवा सोडायला लागलं. तेलानं आतल्या रिंगा फुगल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी प्रेक्षकांत बसले. तर हवेच्या वाटेत तेल नाही. थेंबभरसुद्धा नाही. सिलिंडरच्या आट्यांना आणि रिंगेला कंपनीनं सांगितलेलं सिलिकॉन ग्रीस बोटानं पुसट लावायचं, बस्स.

नळीलाही फारसं काही लागत नाही. पाचशे-हजार शॉटांनी एकदा नमद्याचे छोटे बोळे मिळतात ते छर्र्यासारखे मागून घालून पुढे सोडायचे. दोन-तीन काढले की झालं. लोखंडी सळई, तारेचा ब्रश नळीत घालू नका. आतल्या आट्यांना चरा पडला की तो भरून निघत नाही.

हवा हा मात्र गंभीर विषय आहे, इथे मी थट्टा करणार नाही. सिलिंडरमध्ये दोनशे बार दाब असतो, तुमच्या चारचाकीच्या टायरच्या जवळजवळ शंभरपट. त्यात फक्त कोरडी, स्वच्छ हवा भरायची. गावात वेल्डिंगवाल्याकडे किंवा दवाखान्यात मोठा सिलिंडर दिसतो आणि कुणीतरी हुशार म्हणतो, 'इथनंच भरून देतो की.' तो ऑक्सिजन असतो. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेला-ग्रीसचा एक थेंब भेटले की स्फोट होतो, हातात धरलेल्या पिस्तुलाचा. तेव्हा क्लबातल्या टाकीवरूनच भरा, सावकाश भरा, कारण घाईनं भरताना सिलिंडर तापतो आणि काटा खोटं बोलतो. हातपंप घेतलात तर जून ते सप्टेंबर तो कपाटात ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात पंप हवेबरोबर पाणीही आत ढकलतो. मे महिन्यात पिस्तुलाची पेटी उन्हातल्या गाडीत ठेवायची नाही. प्रवासात सिलिंडर पिस्तुलावरून काढून पेटीत वेगळा ठेवायचा.

सराव झाला की मूठ आणि बाहेरचा धातू सुक्या सुती फडक्यानं पुसायचा. घामातलं मीठ रात्रीतून गंज चढवतं. पेटीतला फोम ओल धरतो, तेव्हा पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि आठवड्याला पेटी उघडी करून पंख्याखाली ठेवा. पोरीला सांगा, छर्रा दातात धरायचा नाही आणि साबणानं हात धुतल्याशिवाय डब्याला हात लावायचा नाही. शिसं आहे ते.

घरी छर्रा मारायचाच नाही. गच्चीवर नाही, परसात नाही, कावळ्यावर तर नाहीच, तो गुन्हा आहे. घरी करायचा तो कोरडा सराव. मॅच पिस्तुलात हवा न सोडता चाप ओढायची सोय असते. रिकाम्या भिंतीसमोर उभं राहायचं, मागे कुणी ये-जा करत नसेल अशी भिंत. आधी नळी उघडून छर्रा नाही ना ते बघायचं, आणि छर्र्यांची डबी त्या खोलीतच नको. पिस्तूल हातात नसेल तेव्हा नळीतून केशरी दोरी आरपार घातलेली असते, रेंजवरही आणि घरीही. ती दिसली की लांबूनच कळतं, आत काही नाही. अर्धा तास हा सराव रोज केला तर दोन महिन्यांत जो फरक पडतो तो कुठल्याही महागड्या पिस्तुलानं पडत नाही. आणि मैत्रिणीवर गंमत म्हणून रोखलेलं, इन्स्टाग्रामसाठी कपाळाला लावलेलं पिस्तूल मला दिसलं तर ते वर्षभर माझ्या कपाटात जातं. तुम्हीही हा नियम करा.

पुढे ती पंचवीस मीटरकडे वळली तर पॉइंट टू-टूचं काडतूस येईल. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८च्या आशियाई स्पर्धेत त्याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. आशियाई स्पर्धांत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हा तुमच्या मुलीला स्वप्न पडत असेल तर ते परक्या मुलखातलं नाही. पण तिथे परवाना आला, काडतुसांचा हिशेब आला, दारूची काजळी रोज साफ करणं आलं. कोरडा चाप ओढायलाही नळीत नकली काडतूस घालावं लागतं, नाहीतर सुई नळीच्या काठावर आदळते. सरांच्या देखरेखीखाली क्लबच्या पिस्तुलावर ती शिकू शकेल. विकत घ्यायचा विचार एकविशीनंतर.

आणि आता सासरे.

त्यांना समजावायला जाऊ नका. त्यांना कामाला लावा. चांगली लोखंडी पेटी घ्या, भिंतीला बोल्टनं जखडा आणि किल्ली त्यांच्याकडे द्या. एकच किल्ली, दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये. रोज संध्याकाळी नातीनं आजोबांकडे किल्ली मागायची. त्यांनी पेटी उघडायची, तिनं त्यांच्यासमोर नळी उघडून दाखवायची, मगच सराव. सराव संपला की पुन्हा दाखवायची, मग कुलूप. ज्या दिवशी आजोबांना तिचं वागणं पटणार नाही त्या दिवशी किल्ली मिळणार नाही, आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाच्या आजोबांचंही असंच होतं. पहिला महिना ते किल्ली द्यायचे आणि तोंड फिरवून बसायचे. आता राज्य स्पर्धेला तेच सोबत येतात आणि दुसऱ्यांच्या पोरांना दोरी कुठाय म्हणून दटावतात.

एक जाड वही आणा. तारीख, किती छर्रे मारले, हवा कधी भरली, काय बिघडलं, हे आजोबांच्या अक्षरात लिहून होऊ द्या. पहिल्या पानावर सिलिंडरची तारीख मोठ्या अक्षरात.